पदराने पुसलेला चष्मा

प्रिय पोरी,

प्रेमावरचे तुझे चाळीस फोटो पाहिले, दोनदा पाहिले. उजेडाची समज तुला आहे, चौकटही नेमकी धरतेस. पण या चाळिसांत मिठ्या किती आहेत ते मोजलंस का? आणि मावळत्या सूर्यासमोर कपाळाला कपाळ टेकवून उभी असलेली जोडपी? प्रेम म्हटलं की माणसं बिलगलेलीच हवीत, हे तुला कुणी सांगितलं?

रॉबेर द्वानोचा १९५० सालचा पॅरिसमधल्या चुंबनाचा फोटो तुला फार आवडतो, मलाही आवडतो. त्यातले ते दोघं नाटक शिकणारे विद्यार्थी होते. प्रेमात होते हे खरं, पण ते चुंबन द्वानोने त्यांना घ्यायला सांगितलेलं होतं. आणि १४ ऑगस्ट १९४५ ला, युद्ध संपल्याच्या आनंदात न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आल्फ्रेड आयझेनस्टॅटने टिपलेला तो खलाशी? ज्या मुलीचं त्याने चुंबन घेतलं, तिची आणि त्याची साधी ओळखही नव्हती. जगाने मात्र तो प्रेमाचा फोटो म्हणून घराघरांत लावला. बिलगणं डोळ्यांना चटकन दिसतं, म्हणून आपण फसतो.

मीही फसलोय. एका आजी-आजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. नातवंडांचा हट्ट म्हणून मी त्यांना हात हातात घ्यायला लावले. आजींनी आयुष्यात चारचौघांत नवऱ्याचा हात धरला नसावा. त्या अशा अवघडल्या की जणू पासपोर्टचा फोटो काढतोय. उरकलं. मी लाइटचे स्टँड मिटत होतो, कॅमेरा बॅगेत गेला होता. तेवढ्यात आजी उठल्या, आजोबांच्या नाकावरचा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून बघितल्या आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. आजोबांनी तोवर डोळे मिटून मान तेवढी पुढे केली होती. रोजचंच असणार ते. मी बॅगेची चेन उघडेपर्यंत सगळं झालं होतं. अल्बममध्ये तो अवघडलेला फोटो आहे, आणि लोक त्याचंच कौतुक करतात. तेव्हापासून यजमानांचं दार ओलांडेपर्यंत मी कॅमेरा गळ्यातून काढत नाही.

म्हणून तोंडं सोड, हात बघ. चेहऱ्याला कॅमेरा कळतो, हातांना कामाच्या नादात त्याचा विसर पडतो. बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावणारा हात. पाठवणीच्या वेळी बाप रडतो तो फोटो सगळेच काढतात. पण गाडीची डिकी उघडून तिसऱ्यांदा बॅगा मोजणारा बाप बघ. दोन मित्र एका कटिंगवर तासभर भांडतात तेही बघ. आणि वारलेल्या माणसाच्या तसबिरीवरची धूळ रोज पुसणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू घासून घासून मानेला घट्टे पडलेले असतात, तिथे हळद आणि तूप चोळतात आणि बैलाला आवतण देतात: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बैलाला अहोजाहो! दुसऱ्या दिवशी रंगवलेली शिंगं, झुली, तोरण यांचे फोटो काढायला शहरातून गर्दी लोटते. आदल्या संध्याकाळी गोठ्यात कुणी नसतं. तुपाने चकाकणारी बोटं आणि डोळे अर्धे मिटून उभा राहिलेला बैल. मला विचारशील तर प्रेमाचा याहून चांगला फोटो मला आजवर मिळालेला नाही.

आता थोडं तांत्रिक. गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात फ्लॅश मारलास की संपलं, सगळे सावध होतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, खुशाल ३२०० कर, फोटोत दाणे आले तर येऊ देत. तुझ्या त्या ५० मिमीच्या लेन्सचं छिद्र १.८ वर पूर्ण उघडं ठेवून मीटरभर अंतरावरून काढलंस, तर जेमतेम चार सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते. म्हणजे आजीची बोटं स्पष्ट आणि आजोबांचा मिटलेला डोळा धूसर. दोघं हवे असतील तर छिद्र लहान करून ४ वर जा. हलत्या हाताला शटरचा वेग निदान १/२५० सेकंद लागतो.

आणि दवाखान्यात, स्मशानात आधी विचारून घे. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली, वाद नाही. हो म्हणाले तर प्रिंट नेऊन दे. मोबाइलवर पाठवून मोकळी होऊ नकोस.

पोळा श्रावणी अमावस्येला. चतुर्दशीला दुपारीच ये, संध्याकाळी आपण एका ओळखीच्यांच्या गोठ्यावर जाऊ. झूम लेन्स घरी ठेव. पहिला अर्धा तास तू तूप चोळणार आहेस, तेव्हा जुने कपडे घालून ये.

तुझा,
काका