सायकल सवाल-जवाब: जोडीदार दमदार असेल तर

प्रश्न: माझं वय 47. आठवड्यातून दोनदा दहा-बारा किलोमीटर सायकल चालवते. मैत्रीण रोज पळते, चढावरही तिला धाप लागत नाही. दोघींना दिवाडी बेटावर निवांत फेरी मारायची आहे. मी सारखी मागे पडेन का? (वाचक, फोंडा)

उत्तर: जागा अगदी योग्य निवडलीत. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की खाजण शेतांमधला (खारं पाणी अडवायला बांध घातलेली सखल शेतं) रस्ता जवळजवळ सपाट आहे. दमवणारा चढ पियेदादच्या टेकडीचा. मागे पडण्याचा प्रश्न तिथेच येईल.

याचं कारण आकड्यांत बघा. तुम्ही आणि सायकल मिळून 80 किलो धरू. सपाट मातीच्या वाटेवर ताशी 12 किमीने जायला साधारण 50 वॅट ताकद लागते. तीच सायकल 5 टक्के चढावर ताशी 10 किमीने न्यायची तर 140 वॅट लागतात, आणि वेग 7 वर आणला की 100. म्हणजे चढावर वेग थोडा कमी केला तरी पायांवरचा भार बराच उतरतो. पण त्यासाठी गिअर हलका हवा. मागची सर्वांत मोठी चकती 32 किंवा 34 दात्यांची असेल तर हळू चढतानाही पाय भराभर फिरतात. गिअर चढ सुरू होण्याआधीच बदला. पॅडलवर पूर्ण जोर असताना बदललात तर चेन कडकडते, कधी उतरतेही.

चढावर पुढे तुम्ही राहा, मैत्रीण मागे. बहुतेक जोड्या याच्या उलट करतात आणि तिथेच सगळं बिघडतं. दमदार माणूस वर जाऊन पाच मिनिटं बसतो, पाणी पितो. दुसरा धापा टाकत पोचला की हा उठतो, ‘चला निघू या’ म्हणतो. ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही, आणि पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो. म्हणून फेरीबोटीतच ठरवून टाका: थांब्याची वेळ मागून येणारीच्या पोचण्यापासून मोजायची, निदान तीन मिनिटं. वेग बरोबर आहे की नाही हे बोलून कळतं. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं तर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा, नाहीतर सरळ उतरून ढकला. ढकलण्यात काही कमीपणा नाही. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर मात्र फेरी तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खाजणात सावली विरळ, त्यामुळे सकाळी लवकर निघा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि तासाभराहून जास्त चालवणार असाल तर दर तासाला एक केळं किंवा चिक्कीची वडी. पावसाळ्यात बांधावर चढू नका. तिथली चिकण माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं.

प्रश्न: माझं वजन 62 किलो, मित्राचं 92. सासवडकडच्या मुरमाच्या वाटांवर तो मागे राहतो. मी पाठीवर पाच किलो ओझं घेतलं तर बरोबरी होईल का? (वाचक, पुणे)

उत्तर: नाही. पाच किलोंनी चढावर तुमची मेहनत साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढेल, फरक त्याहून कितीतरी मोठा आहे. पण त्याचं पाणी, पंप, डबा तुम्ही घ्या. त्यातून त्याला खरी मदत होते.

शेजारी चालवताना तुमचं पुढचं चाक त्याच्या चाकाच्या पुढे जाऊ देऊ नका. अर्धं चाक पुढे गेलं की तो नकळत वेग वाढवतो, मग तुम्हीही वाढवता, आणि दहा मिनिटांत तो संपलेला असतो. तुम्हाला अंगातली रग जिरवायचीच असेल तर तो वर पोचून विसावला की खाली जा आणि तोच चढ पुन्हा चढा. मागून ‘अजून थोडंच राहिलं’ असं सांगत राहू नका. मुरमाच्या उतारावर मात्र वीसेक मीटर अंतर ठेवा. धूळ आणि उडणारे खडे दोन्ही टळतात.

हवेचं प्रमाणही दोघांचं एकच ठेवू नका. ट्यूब असलेल्या 2.2 इंची टायरमध्ये तुम्ही पुढे 24, मागे 27 पीएसआयपासून (पंपावर दिसणारा हवेचा दाब) सुरुवात करा. त्याच्यासाठी पुढे 32, मागे 36. टायरवर छापलेली मर्यादा पाळा. त्याने तुमच्याइतकीच हवा ठेवली तर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. उलट टायर दगडासारखा कडक केला तर मागचं चाक मुरमावर घसरतं. चढावर उभं राहिलं तरी तेच होतं, म्हणून सीटच्या टोकाकडे सरकून बसूनच चढायला सांगा.

प्रश्न: ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. का? (वाचक, सातारा)

उत्तर: बहुधा बाभळीच्या काट्याचं टोक टायरमध्येच राहिलं आहे. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि व्हॉल्व्हपासूनचं अंतर टायरवर मोजा, काटा तिथेच आसपास असेल. टायरच्या आतून बोट फिरवू नका, जुनं फडकं फिरवा. काटा असेल तिथे ते अडकेल. टोक चिमट्याने बाहेर ओढा.

प्रश्न: लांब फेरीनंतर गुडघा पुढून दुखतो. मित्र म्हणतो सवय नाही म्हणून. (वाचक, चिपळूण)

उत्तर: आधी सीटची उंची बघा. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो, फार वर असली की मागून. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सर्वांत खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा, म्हणजे चवड्याने चालवताना गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट एकदम न चढवता पाच-पाच मिलिमीटरने चढवा, आणि प्रत्येक बदलानंतर एक छोटी फेरी मारून मग पुढचा बदल करा. सीटच्या दांड्यावरची कमाल खूण नळीच्या बाहेर दिसू लागली तर थांबा. त्याहून वर नेल्यास दांडा वाकतो, क्वचित फ्रेमच्या नळीला चीर जाते.