चेंबर उतरवला, तरी निम्मं तेल आतच राहतं

प्रश्न : माझा ट्रक ऑटोमॅटिक आहे आणि बहुतेक वेळा मागे जड ट्रेलर असतो. गिअरबॉक्सचा चेंबर (खालचं तेलाचं भांडं) उतरवून फिल्टर आणि तेल बदललं. जेमतेम साडेपाच लिटर निघालं. पुस्तिकेत क्षमता बारा लिटर आहे. आता नवं तेलही काळपट दिसतंय. मशीनवर फ्लश (सगळं जुनं तेल काढून नवं भरणं) करून घेऊ का?

उत्तर : मशीनची गरज नाही. उरलेलं जुनं तेल टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा तेलाने भरलेला भाग), तेल थंड करणारा कूलर आणि पाइपांमध्ये आहे. गिअरबॉक्सचा स्वतःचा पंपच ते बाहेर काढतो.

कूलरकडून गिअरबॉक्सकडे परतणारी लाइन सोडा. दोन्ही लाइन सारख्याच दिसतात, म्हणून जोड सुटल्यावर क्षणभर इंजिन चालवून पाहा : कूलरच्या बाजूच्या तोंडातून तेल आलं, तर लाइन बरोबर आहे. त्या तोंडाला पारदर्शक नळी लावून ती लिटरच्या खुणा असलेल्या बादलीत सोडा. चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा, लिव्हर पार्कमध्ये ठेवा. एकाने इंजिन चालू-बंद करायचं, दुसऱ्याने बादलीवर नजर ठेवायची. दोन लिटर निघालं की लगेच इंजिन बंद! हे काही सेकंदांत होतं, आणि चेंबर रिकामा झाला तर पंप हवा ओढून कोरडा घासतो. डिपस्टिकच्या नळीतून दोन लिटर नवं तेल घाला, पुन्हा तेच. नळीत स्वच्छ लाल तेल दिसेपर्यंत असंच दोन-दोन लिटरने करत राहा. नवं-जुनं मिसळत जातं, त्यामुळे चौदा-पंधरा लिटर हाताशी ठेवा.

काही गिअरबॉक्समध्ये कूलरच्या मार्गात थर्मोस्टॅट असतो. थंड इंजिनावर धार लागली नाही तर घाबरू नका, तेल गरम होऊ द्या.

तेल पुस्तिकेतल्याच ग्रेडचं हवं. डेक्सरॉन सहाच्या जागी एटीएफ प्लस फोर चालत नाही. दोन्हींतली घर्षणाची रसायनं वेगळी, आणि चुकलं की गिअर बदलताना गाडी थरथरते. पातळी गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून बघा (पार्कमध्ये की न्यूट्रलमध्ये, हे पुस्तिका सांगते). जास्त भरलं तरी नुकसानच : फिरते भाग तेल घुसळतात, फेस होतो, दाब पडतो.

चेंबरच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा होता ना? तो नेहमीचाच. धातूचे चकचकीत तुकडे किंवा जळका वास असेल आणि गिअर स्लिप होत असेल, तर क्लच प्लेटा गेल्या आहेत. तिथे फ्लशवर पैसे घालवू नका.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला वेगळा जादा कूलर आम्ही आवर्जून सुचवतो. तेल मरतं ते उष्णतेने. आणि पुस्तिकेत जड वापरासाठी दिलेलं कमी अंतराचं वेळापत्रकच पाळा.

प्रश्न : डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ तेल आलं. फ्लश पुरेल?

उत्तर : आधी गाडी थांबवा. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट तेलात मिसळलं आहे. त्याने क्लच प्लेटांच्या कागदी अस्तराचा गोंद सुटतो. रेडिएटर बदला, मगच फ्लश करा. तशीच बरीच चालवली असेल, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल.