चित्र बघून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

प्रश्न: ताई, मी कलेच्या इतिहासात एम.ए. करतेय. एका चित्राचं वर्णन करून त्यातून संशोधनाचे प्रश्न काढायचेत. मी सतराव्या शतकातल्या व्हर्मीर या डच चित्रकाराचं ‘उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी’ घेतलं. चित्र शांत आणि एकाकी वाटतं असं लिहिलं, प्रश्न काढला ‘चित्रकाराला काय सांगायचं होतं?’ सर म्हणाले, हा प्रश्नच नाही. मग प्रश्न आणायचा कुठून?

उत्तर: सरांचं बरोबर आहे गं, पण वाईट वाटून घेऊ नकोस, बहुतेकांचं इथेच अडतं. शांत, एकाकी हे तुला वाटलं ते झालं, चित्रात काय आहे ते अजून आलंच नाही. एखाद्या मैत्रिणीला फोनवर सांगतेयस, तिला चित्र दिसत नाहीये, असं समजून लिही. मुलगी बाजूने दिसतेय, पत्र दोन्ही हातांत, खिडकीच्या काचेत तिचा चेहरा परत उमटलाय, पुढे टेबलावर चुरगळलेला गालिचा, त्यावर कलंडलेली फळांची बशी, एक फळ कापलेलं, उजवीकडे वरपासून खालपर्यंत हिरवा पडदा. आता लिहिताना हात कुठे अडतो ते बघ.

मी पडद्यापाशी अडले होते. हा खोलीतला पडदा की चित्रावर टाकलेला? त्या काळी हॉलंडमध्ये चित्रांपुढे खरेच पडदे लावायचे, मग प्रश्न असा होतो की हा रंगवलेला पडदा बघणाऱ्याला खोलीच्या आत घेतो की बाहेर ठेवतो, आणि त्याच काळातले दुसरे चित्रकार असाच पडदा रंगवतात तेव्हा काय वेगळं घडतं. याला उत्तर शोधता येतं, कारण शेजारी ठेवून बघायला चित्रं आहेत.

आणि एक विचारू, तू ‘एकाकी’ लिहिलंस तर फोटो कुठला बघितलास? मुलीच्या मागची भिंत कोरी असेल तर तो जुना आहे. १९७९ मध्ये क्ष-किरणांत त्या भिंतीवर क्यूपिडचं, म्हणजे प्रेमाच्या देवाचं, मोठं चित्र दिसलं, पण व्हर्मीरनेच ते झाकलं असणार असं कितीतरी वर्षं सगळे धरून चालले. हे चित्र जिथे आहे त्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयात २०१७ पासून त्याची साफसफाई सुरू झाली तेव्हा व्हर्मीरचा रंग आणि भिंत झाकणारा वरचा थर यांच्या मधे जुनं व्हार्निश अन् धूळ सापडली, म्हणजे मध्ये काही दशकं गेलेली, व्हर्मीर तर १६७५ लाच वारला, त्यामुळे झाकणारा हात दुसऱ्याचा. २०२१ पासून क्यूपिड उघडा आहे, पायाखाली मुखवटे तुडवणारा.

आता विचार, कोऱ्या भिंतीच्या जोरावर जे जे लिहिलं गेलं त्यातलं क्यूपिड दिसल्यावर काय टिकतं? हा खरा संशोधनाचा प्रश्न, जुने लेख काढून वाचता येतील असा.

तुझा प्रत्येक प्रश्न लिहिला की खाली एक ओळ टाक, उत्तरासाठी मी काय बघणार? ती ओळ सुचत नसेल तर चित्राकडे परत जा. बशीबद्दल मी मुद्दाम काही लिहिलं नाही, तिच्यापासून सुरू कर.