मुलीशी पाळीविषयी केव्हा बोलावे
नऊ वर्षांच्या मुलीशी पाळीविषयी केव्हा बोलावे, असे आपण विचारले आहे; तर बोलण्याची वेळ आलेली आहे. मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे साधारण ८ ते १३ या वयात दिसू लागतात, आणि पहिली पाळी शाळेतही येऊ शकते, तेव्हा रक्त दिसले म्हणजे आजार झाला नाही हे तिला आधीच ठाऊक असावे. सगळे एकाच बैठकीत सांगण्याचा आग्रह धरू नका. पॅड कसे लावायचे, चार ते सहा तासांनी का बदलायचे आणि वापरलेले कागदात गुंडाळून कुठे टाकायचे, हे प्रत्यक्ष दाखवावे.

घरात धाकटा मुलगा असेल तर त्यालाही वगळू नये. पुढे वयात येताना त्याला झोपेत वीर्यस्खलन होऊ शकते, तेव्हा त्याविषयी त्याच्याशी वडिलांनी बोलावे (आपल्याकडे वडील हे काम बहुधा आईवर सोपवून मोकळे होतात). दोघांनाही गुप्तांगांची खरी नावे शिकवावीत, म्हणजे कोणी नको तिथे हात लावल्यास त्यांना ते स्पष्ट सांगता येईल. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगे आणि मुली दोघांनाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो, आणि मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात देणे इष्ट असते. त्याविषयी बालरोगतज्ज्ञांना आताच विचारून ठेवावे.