पाइप नंतर, आधी झाकणाचे दोन स्क्रू बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: इंदूरच्या सुदामा नगरात घराबाहेर लावलेल्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक-पाइप रात्री कोणीतरी ब्लेडने कापला, लिव्हर मोडली, मडगार्डवर ब्रेक ऑईल सांडलं. गाडी २०१७ ची, दीडशे सीसी, पुढे डिस्क ब्रेक, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मेकॅनिक सगळी असेंब्ली बदला म्हणतो आणि साडेसहा हजार सांगतो. चुलतभाऊ म्हणतो, नुसता पाइप टाक, ऑईल भर, झालं. खरं कोणाचं?

चुलतभावाचं ऐकू नका. मेकॅनिकचंही पुरतं नको. झिजून बिघडलेला ब्रेक आधी कुरकुरतो, मऊ पडतो, काहीतरी सांगतो. मुद्दाम बिघडवलेला काहीच सांगत नाही. त्यात कापलेला पाइप नजरेत भरतो, त्यामुळे तेवढंच नुकसान झालं असं आपण धरून चालतो. मीही असाच फसलो होतो.

एका रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) बघायला राजवाड्याकडे गेलो होतो. गाडी मागच्या गल्लीत लावली. परत आलो तर लिव्हर मोडलेली, पाइप चिरलेला, आणि गाडी गुलालाने अशी माखलेली की मूळ रंग आठवेना. गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी नवा पाइप, नवी लिव्हर, हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या छोट्या टाकीत नवं ऑईल, हवा काढली, ब्रेक कडक लागला. स्वतःवर खूश होतो! आठवड्याने ओंकारेश्वरला निघालो. सिमरोल सोडून भेरूघाट उतरायला लागलो तेव्हा गाडी जड वाटली, जणू मागून कोणी धरून ठेवलीय. पुढे लिव्हरचा खेळच संपला, ती दगडासारखी झाली. चोरलच्या अलीकडे थांबलो तर डिस्कवर टाकलेलं पाणी चर्रकन उडालं आणि चाक हाताने फिरेना. लिव्हर सोडलेली, तरी ब्रेक लागलेला.

जवळ आठ नंबरचा पाना होता म्हणून वाचलो. कॅलिपरचं (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हवा काढायचं निपल थोडं उघडलं, पिचकारी उडाली, चाक सुटलं. निपल घट्ट केलं, पुढच्या लिव्हरला हात न लावता मागच्या ब्रेकवर गाडी मुंगीच्या चालीने परत आणली. (हा उपाय फक्त अडकलेलं चाक सोडवण्यासाठी आहे, प्रवास पुढे चालू ठेवण्यासाठी नाही.)

घरी टाकीचं झाकण उघडलं तर आतलं रबर फुगून सुरकुतलेलं, परत खाचेत बसेना. तेव्हा कळलं की कोणीतरी टाकीत साधं तेल ओतलं होतं. पाइप कापल्यावर सगळं वाहून गेलं असेल असं मी समजलो, पण तळाशी राहिलेलं तेवढं तेल पुरेसं होतं. झाकणाच्या दोन्ही स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे होते. गुलाल नीट धुतला असता तर पहिल्याच दिवशी दिसले असते.

हे होतं कसं? आपण 'ब्रेक ऑईल' म्हणतो खरं, पण डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नाहीच. ते ग्लायकोलच्या जातीचं द्रव आहे, पाण्यात विरघळतं. मास्टर सिलिंडरमधली (टाकीखालचा, लिव्हरने दाब तयार करणारा भाग) रबरं त्याच द्रवासाठी बनवलेली असतात. इंजिन ऑईल, रॉकेल, डिझेल लागलं की ती फुगतात. टाकीच्या तळाशी एक केसासारखं बारीक भोक असतं. लिव्हर सोडली की दाब त्यातून टाकीत परत येतो. फुगलेलं रबर तेच भोक झाकतं. मग प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की थोडा दाब आतच अडकतो, डिस्क तापते, द्रव फुगतो, दाब आणखी वाढतो. घाटात हे चक्र फार लवकर फिरतं.

म्हणून सुरुवात झाकणापासून करा. त्याआधी काहीही न हलवता सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. मग स्क्रूंवर ओरखडे आहेत का, आतलं रबर आपल्या जागी बसतं का ते बघा. टाकीतलं थोडं द्रव सिरिंजने काढून पाण्याच्या ग्लासात सोडा. पूर्ण मिसळलं तर ब्रेकचंच आहे. वर तवंग आला तर कोणीतरी काहीतरी ओतलंय. तसं असेल तर मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर दोन्हींची रबरं बदलावीच लागतील. नुसतं धुवून चालत नाही, कारण रबरात शिरलेलं तेल निघत नाही. अशा वेळी मेकॅनिकचे साडेसहा हजार अगदीच अवाजवी नाहीत. तवंग नाही, रबर ठीक, स्क्रू स्वच्छ, तर पाइप, लिव्हर, पॅड आणि नवं द्रव एवढ्यात भागतं.

पाइप जोडून किंवा क्लिप लावून चालवायचा विचारही नको. टायरमध्ये २५-३० पीएसआय हवा असते. जोरात ब्रेक दाबला की या पाइपातला दाब शेकड्यांत जातो. नवा पाइप त्याच मॉडेलचा घ्या आणि बँजो बोल्टचे (पाइपची दोन्ही टोकं जोडणारे पोकळ बोल्ट) चारही वॉशर नवे टाका. जुने एकदा दबलेले असतात, ते पुन्हा नीट बसत नाहीत आणि थेंब थेंब गळतात. पॅडवर द्रव गेलं असेल तर पॅड फेका, घासून वाचवू नका. डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसा. मडगार्डवर सांडलेलं आजच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघेल.

लिव्हर घेताना एक गोष्ट बघा. बाजारातल्या काही स्वस्त लिव्हरचं पिस्टनला टेकणारं टोक किंचित मोठं असतं. त्याने पिस्टन कायम थोडा दाबलेला राहतो, आणि तेल न ओतताही माझ्यासारखंच होतं. लिव्हरला सुरुवातीला थोडा मोकळा खेळ हवाच. झाकण उघडं ठेवून ती अगदी हळू ओढा: तळाच्या भोकातून छोटीशी उकळी उठली तर भोक मोकळं आहे. जवळ फडकं धरा, पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर उडू देऊ नका.

रिकाम्या पाइपातली हवा वरून पंप मारून काढायला बसलात तर संध्याकाळ होईल. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि नळी आणा, कॅलिपरच्या निपलला लावा आणि सीलबंद बाटलीतलं नवं डॉट ४ खालून वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला तिच्याच वाटेने जाऊ द्या. टाकी भरून वाहू लागेल, त्यावर लक्ष ठेवा. मग नेहमीसारखं वरून दोन-चारदा करून घ्या: लिव्हर ओढून धरा, निपल उघडा, बंद करा, मग लिव्हर सोडा. झाकणावर लिहिलं असेल तेच द्रव वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

हे सगळं एबीएस नसलेल्या गाडीला लागू आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. तशी गाडी असती तर वर्कशॉपलाच जा म्हटलं असतं, कारण त्या युनिटात अडकलेली हवा सिरिंजने निघेलच असं नाही.

आणि गाडी मेकॅनिककडे 'हळूहळू चालवत' नेऊ नका, लोडिंग रिक्षात टाका. ज्याने पाइप कापला त्याने मागचा ब्रेक, एक्सलचा नट, टायरची बाजू, पेट्रोलचं झाकण यांनाही हात लावला असेल. तेवढं तपासेपर्यंत ती उभीच बरी.

शेजाऱ्यावर संशय असल्याचं तुम्ही लिहिलंय. पार्किंगवरून भांडण झालं म्हणजे त्यानेच केलं असं होत नाही, कॅमेऱ्यात दिसल्याशिवाय नाव घेऊ नका. अर्ज मात्र द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ मध्ये उभ्या गाडीच्या ब्रेकशी छेडछाड हा स्वतंत्र गुन्हा आहे. दंड हजार रुपयांपर्यंतच, पण अर्जात हे कलम लिहिलं की ठाण्यात 'भिया, आपस में निपटा लो' म्हणणं जरा कठीण जातं. शिवाय मुद्दाम नुकसान करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे, इथल्या हिंदी कागदांत त्याला 'रिष्टि' म्हणतात.

विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर काही मिळणार नाही. ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) असेल तर मुद्दाम केलेलं नुकसान त्यात बसतं, पण रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी कपात होते आणि नो क्लेम बोनस जातो. तुमच्या खर्चाच्या आकड्याला मी क्लेम केला नसता.

झाकणाच्या स्क्रूंचा आणि आतल्या रबराचा जवळून फोटो टाका. रबर फुगलंय की नाही ते बघून सांगतो, नुसतं रबरांचं किट पुरेल की मास्टर सिलिंडर घ्यावं लागेल.