चार वाजताची भूक आणि किराण्याची पावती

वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : मी खानापूरहून रोज बसने बेळगावला नोकरीला येते. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, शिफ्टची ड्युटी. दोन मुलं, एक पाचवीत, एक आठवीत. घरी सासूबाई असतात. नवऱ्याची साखर अगदी काठावर निघाली, तेव्हापासून घरातलं खाणं सुधारायचं मी मनावर घेतलंय. ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन बिस्किटं, फ्लेवरवाले ओट्स, सगळं आणलं. बिल वाढलं, मुलं तोंड लावत नाहीत, आणि सासूबाई म्हणतात, ‘हे पण पाकीटच की!’ सुरुवात नेमकी कुठून करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, सासूबाई बरोबर बोलल्या. तुम्ही एक पाकीट काढून त्या जागी दुसरं, महागडं पाकीट ठेवलंत. त्यात तुमचा दोष नाही. पाकिटावर गव्हाची लोंबी आणि हिरवं पान छापलेलं असलं की कुणालाही तसंच वाटणार.

आज घरी गेल्यावर ते बिस्किटाचं पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं आठवीतल्या लेकराकडून मोठ्यानं वाचून घ्या. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची, असा आपल्याकडे नियम आहे. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या कितीतरी पाकिटांवर पहिलं नाव मैद्याचं असतं, त्यापाठोपाठ साखर आणि पामतेल, आणि ज्या नाचणी-ज्वारीच्या नावावर ते विकलं जातं तिच्यापुढे कंसात दोन-चार टक्के. ब्राऊन ब्रेडचंही तसंच: रंग कोंड्याचा की कॅरॅमलचा, ते यादीतच कळतं.

‘कमी प्रक्रियेचं’ म्हणजे काय, याची एक सरळ मांडणी ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 मध्ये केली. पदार्थात काय आहे याबरोबरच, त्याच्यावर काय-काय केलं गेलंय, हे बघायचं. तांदूळ, मसूर, भाजी, दूध, अंडी एका बाजूला. तेल, मीठ, गूळ, साखर ही स्वयंपाकाची सामग्री. लोणचं, पनीर त्यापुढचे. आणि शेवटी कारखान्यातले पदार्थ: इमल्सिफायर, माल्टोडेक्स्ट्रिन, कृत्रिम स्वाद असं आपल्या मांडणीवर कधीच नसणारं काहीतरी घालून केलेले. 2019 मध्ये अमेरिकेत 20 जणांना दोन आठवडे असं खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं. दोन्ही वेळा पोटभर, हवं तितकं. कारखानी खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोनं वाढली. हे खाणं मऊ, झटपट गिळता येणारं असतं, पोट भरल्याचं कळेपर्यंत हात पुन्हा पाकिटात गेलेला असतो. मुलांच्या बाबतीत हे तुम्ही रोज बघतच असाल.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी रक्ताच्या रिपोर्टबरोबर महिन्याच्या किराण्याची पावती आणायला सांगते. बेळगाव, चिकोडी, निपाणी, कुठलीही पावती घ्या, जेवणाचं सामान बहुतेक ठीकच असतं. तांदूळ, जोंधळा, तूरडाळ, येळ्ळूर भागातला मसूर. आपलं दोन वेळचं जेवण अजून बिघडलेलं नाही. बिघडलाय तो सकाळचा चहा आणि चार वाजताची भूक. खारी, टोस्ट, बिस्किटं, नूडल्स, फरसाण, सगळं त्या दोन खणांत बसतं. आणि ते तिथं का आलं? कारण त्या वेळी घरात करणारं कुणी नसतं. तुम्ही बसमध्ये, नवरा शिफ्टवर, सासूबाईंचे गुडघे दुखतात. पाकीट उघडायला कुणी लागत नाही. म्हणून ‘शुद्ध खायचं’ ठरवून सगळा भार तुम्ही एकटीनं उचललात, तर हा बेत टिकायचा नाही. आधी काम वाटून घ्या, मग पदार्थ ठरवा.

पुढच्या यादीतून फक्त तीन गोष्टी काढा: बिस्किटं, टोस्ट-खारी, फरसाण. बाकीचं आहे तसं राहू दे. त्याच पैशात शेंगदाणे, फुटाणे, चिरमुरे, जाड पोहे, कारळे, जवस आणा. रताळ्यांचा हंगाम असेल तर पिशवीभर रताळी. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांतली चांगली गोड असतात, आणि कुकरला लावायला पाचवीतला मुलगाही शिकतो.

आणि कडक भाकरी आणा. आपल्या भागाचं हे मोठं भाग्य आहे आणि आपण ते पाहुण्यांना बांधून देण्यापुरतं ठेवलंय. जोंधळ्याचं पीठ, पाणी, मीठ, फार तर तीळ. पातळ थापून, भाजून, वाळवलेली. आठवडेच्या आठवडे राहते. बाया घरोघर करून विकतात. तीही विकतचीच, पण तिच्यात कारखान्यातलं काहीच नाही. विकतच्या सगळ्याच वस्तूंना नावं ठेवायची नसतात, हे मला आवर्जून सांगायचंय. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातात तिचा तुकडा, त्यावर चटणी आणि वाटीभर दही ठेवलं की चारची भूक भागते.

चटणी नवऱ्याला करायला द्या. मी मनापासून सांगतेय. रविवारी वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. लोखंडी तव्यावर, मंद आचेवर कारळे घालायचे आणि तिथून हलायचं नाही. आधी काहीच होत नाही, मग तडतडायला लागतात, वास सुटतो. तेवढ्यात उतरवायचे, कारण जळले की चटणी कडू. त्याच तव्यावर संकेश्वरी मिरची परतायची, मग लसूण, मीठ, चिमूटभर जिरं घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचं. मिक्सरलाही चालतं, पण थांबत-थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. भट्टीसमोर आच सांभाळणाऱ्या माणसाला हे नक्की जमेल.

नूडल्स एकदम बंद करू नका, मुलं शेजारी जाऊन खातील. आठवड्यातून एकदा, गाजर-कोबी-अंडं घालून, मसाल्याची अर्धीच पुडी. पाकिटावरचं सोडियम अडीचनं गुणलं की मीठ कळतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा गुणाकारही मुलांनाच करू दे.

नवऱ्यासाठी एक वेगळी गोष्ट. नाचणी-जोंधळ्याच्या भाकरीनंही साखर वाढते, गव्हापेक्षा ती चांगली म्हणून चार खाऊन चालणार नाही. भाकरी एक-दीड, मसुराची उसळ भरपूर, सोबत भाजी, काकडी. रात्रपाळीला जाताना डब्यात फुटाणे आणि ताकाची बाटली द्या, मग कँटीनचा गोड चहा आणि बटर दोन्ही कमी होतील. डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी मात्र चुकवू नका.

ओट्स वाईट नाहीत, पण साधे घ्या, आणि तेही आवडत असतील तरच. लाकडी घाण्याच्या तेलाचा खर्च सध्या बाजूला ठेवा. आहे तेच तेल जरा कमी वापरलंत तरी पुष्कळ.

प्रश्न : मी निपाणीचा, शिकायला बेळगावात खोली घेऊन राहतो. दोन वेळ मेस. सकाळी आणि रात्री अभ्यास करताना बिस्किटं नाहीतर कपातले नूडल्स. खोलीवर गॅसला परवानगी नाही, फक्त इलेक्ट्रिक किटली आहे. काय करता येईल?
– एक विद्यार्थी

उत्तर : किटलीत अंडी उकडतात, तेवढं पुरे. रात्री मूठभर हरभरे नाहीतर मूग भिजत घाल, सकाळी कांदा-लिंबू पिळून खा. जाड पोहे धुऊन पाच मिनिटं ठेव, त्यावर दही आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी. आईला फराळाऐवजी चटणीचे दोन डबे भरून द्यायला सांग, महिनाभर पुरतील. रात्रीसाठी केळी, भाजलेल्या शेंगा. मेसमध्ये भाताची वाढ कमी घेऊन उसळ जास्त माग. संकोच करू नकोस, मागणाऱ्याला मेसवाल्या मावशी नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, मधुमेह आहे. साखर पूर्ण सोडून गूळ सुरू केलाय. दिवसाला चार चहा, सगळे गुळाचे. नैसर्गिक म्हणून चालेल ना?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही काका, चालणार नाही. आपण गुऱ्हाळांच्या मुलखात राहतो, गुळावर आपलं प्रेम आहे, पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. त्यात थोडं लोह आणि खनिजं असतात, चहाच्या चमच्यात ती नगण्य. रक्तातली साखर दोन्हींनी चढते. गूळ घ्यायचाच झाला, तर पिवळाधमक घेऊ नका. तो रंग आणायला बऱ्याचदा हायड्रोस नावाचं रसायन घालतात. काळपट गूळ बरा, पण तोही सणाच्या पोळीपुरता. आपल्या बेळगावी कुंद्याचंही, म्हणजे त्या खव्याच्या मिठाईचंही, तेच.

चार चहांचे दोन करा. त्यातला गूळ दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ हळूहळू सरावते, एकदम तोडलं की आठ दिवसांत माणूस पुन्हा डब्याकडे वळतो. उरलेल्या दोन वेळा पातळ ताक किंवा बिनगोडाची नाचणीची आंबील घ्या, वाटीभरच. आणि गोळ्या चालू असल्या तर हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण खाणं बदललं की गोळ्यांचं प्रमाणही कधीकधी बदलावं लागतं.