बरोक व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकताना मधेच टाळ्या वाजवल्या तर चालतं का?

प्रश्नकर्त्यांनी लिहिलंय की बडोद्यात विवाल्दीचे व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकायला जायचंय, आजवर फक्त आपल्याकडच्या बैठकी ऐकल्यात, तर मधे टाळ्या किंवा वाहवा चालते का, आणि कपडे काय घालावेत. (बरोक म्हणजे युरोपातल्या संगीताचा साधारण 1600 ते 1750चा काळ, विवाल्दी हा त्यातला इटालियन संगीतकार, आणि कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य नि साथीला वाद्यवृंद अशी रचना.)

चालतं. खुशाल वाजवा. आता हे मी इतक्या ठणकावून का सांगतोय ते ऐका.

चार-पाच वर्षांपूर्वी, डिसेंबरात, परदेशातून दहा-बारा वादकांचा संच बडोद्याला आला होता. कार्यक्रमात फक्त विवाल्दीचे ‘चार ऋतू’. म्हणजे चार कॉन्चेर्टो, प्रत्येकाचे तीन भाग, एकूण बारा, सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. तिकिटं आमच्या साडूंनी काढलेली. साडू आठ वर्षं जर्मनीत होते, हे त्यांच्याकडे गेलात तर चहा यायच्या आधी कळतं. बरोबर माझी आत्या. वय शहात्तर, जन्म दांडिया बाजारातला, मुक्काम अजून तिथेच. आजोबांनी फैयाझखाँसाहेबांना समोर बसून ऐकलेलं, आणि आत्या स्वतः सहा वर्षं गाणं शिकलेली. मौलाबख्शांनी 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयाने जिथे गायनशाळा काढली, त्या गावच्या बाईला कसं ऐकायचं हे साडू गाडीत शिकवायला लागले.

“आत्या, मधे टाळ्या नाहीत हं. तिन्ही भाग झाले की मगच. आणि वाहवा वगैरे अजिबात नाही.”

आत्या म्हणाली, “बरं.” तिचं ‘बरं’ म्हणजे काय असतं ते आम्ही घरचे ओळखून आहोत.

‘वसंत’चा पहिला भाग संपला आणि सभागृहाने टाळ्यांचा पाऊस पाडला. पाडणारच. ती धून लोकांनी फोन होल्डवर असताना इतक्यांदा ऐकलेली असते की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. साडूंनी हाताची घडी घातली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या साऱ्यांना मीच फूस लावली होती. दुसऱ्या भागात व्हायोला (व्हायोलिनचाच थोरला, खर्जातला भाऊ) पुन्हा पुन्हा एकच खरखरीत ठोका देत राहतो. तो म्हणे झोपलेल्या मेंढपाळाचा भुंकणारा कुत्रा. हे साडूंनी आत्याच्या कानात सांगितलं. (कुजबुजलेलं चालतं बहुधा.) आत्या म्हणाली, “कुत्रा होय? मला वाटलं कुणाचं तरी चुकतंय.”

दोन ऋतूंच्या मधे वादक वाद्यं जुळवत बसायचे. ही मंडळी जुन्या पद्धतीने आतड्याच्या तारा लावतात, आणि ए.सी. नि दिव्यांखाली त्या सारख्या चढतात-उतरतात. आतड्याच्या म्हटल्यावर आत्याच्या शेजारच्या बेननी पदर नाकाशी नेला. बाकीचे चुळबुळत होते, पण आत्या खूश. तंबोरा जुळेपर्यंत पाव तास थांबलेली बाई ती. म्हणाली, “जुळवू दे त्याला नीट. घाई काय आहे?”

‘उन्हाळ्या’चा पहिला भाग उकाड्याने गळून गेलेल्या माणसासारखा चालतो. इटलीतला उकाडा तो. विवाल्दीला मे महिन्यात आमच्या मांडवीत आणून बसवला असता तर त्याच्या हातून बोरूसुद्धा उचलला गेला नसता. शेवटच्या भागात मात्र गारपीट. ती थांबल्यावर मागच्या रांगेतल्या एका काकांनी “वाह भई वाह!” असा टाहो फोडला. एकल वादक पोरगेला होता. तो कपाळ पुसत हसला, आणि काकांच्या दिशेने मान झुकवून त्याने आभार मानले. त्याची काही हरकत नव्हती. हरकत माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसली होती.

मग ‘हिवाळा’. त्याचा मधला भाग जेमतेम दोन मिनिटांचा आहे. एकटा व्हायोलिन लांब, सावकाश गातो आणि बाकीचे व्हायोलिनवाले खाली तारा बोटांनी छेडत राहतात, टप, टप, टप. आत्याचा चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे वाटलेलं पत्रक तिने वाचणं शक्यच नव्हतं. ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होती. मधेच माझ्याकडे झुकून म्हणाली, “अरे, पागोळ्या पडताहेत.”

विवाल्दीने हे कॉन्चेर्टो 1725 साली छापले तेव्हा प्रत्येकासोबत एकेक कविता जोडली होती. ‘हिवाळ्या’च्या कवितेत इथे हेच आहे: आत शेकोटीपाशी निवांत बसलोय आणि बाहेर पाऊस लोकांना भिजवतोय. साडू मला आठवडाभर सांगत होते की ती कविता वाचल्याशिवाय यातलं काही कळत नाही. कुत्रा हुकला तिचा, कबूल. पण पागोळ्या?

सूर फिरून पुन्हा षड्जावर येऊन टेकला, आणि आत्याच्या तोंडून “वाऽ” निघालं. बैठकीत निघतं तेवढंच, हळू. साडूंनी ओठांवर बोट ठेवून “शूऽऽ” केलं, बालवाडीत करतात तसं. आत्याचं बोट मांडीवर होतं तिथेच थांबलं, ते कार्यक्रम संपेपर्यंत पुन्हा हललं नाही.

नंतर सेव-उसळीच्या गाडीपाशी आमची जुंपली. साडूंचं म्हणणं, बारा वेळा टाळ्या वाजल्या, हा कलेचा अपमान आहे, विवाल्दीच्या आत्म्याला काय वाटलं असेल. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय. आमच्या घरातले दोघेतिघे ही साइट वाचतात.

1715 साली फ्रँकफर्टचा उफेनबाख नावाचा एक गृहस्थ व्हेनिसच्या नाटकघरात बसून खुद्द विवाल्दीचं वादन ऐकत होता. त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की याची बोटं घोडीच्या इतकी जवळ, काडीभर अंतरावर पोचली की गजाला जागाच उरेना, आणि ऐकताना मी घाबरलो. मूर्तीसारख्या बसलेल्या श्रोत्याचे हे शब्द नव्हेत. मोत्सार्ट बरोकमधला नाही, नंतरचा आहे, पण त्याचंही ऐका. 1778च्या जुलैमध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो खुशीत सांगतो की सिंफनीच्या (अख्ख्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) पहिल्याच भागात मधोमध एक जागा लोकांना आवडणार हे मला माहीत होतं, आणि तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला. भाग संपल्यावर नव्हे, वाजत असताना! त्या आनंदात तो नंतर बर्फाची मिठाई खायला गेला. म्हणजे त्याची सेव-उसळच की. गप्प बसून ऐकायची शिस्त बरीच नंतरची, एकोणिसाव्या शतकात हळूहळू मुरत गेलेली. ती विवाल्दीच्या नावावर खपवू नये.

आणि उलटंही सांगतो. आपल्याकडे पहिल्या रांगेत बसून समेच्या आधीच “क्या बात है” करणारे महाभाग असतात, त्यांच्यापेक्षा खोकला दाबून बसलेला जर्मन मला केव्हाही परवडतो. दाद जागेवर पडली पाहिजे. आत्याची पडली होती, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण प्रश्न तुमचा आहे आणि तुम्ही माझ्या भरवशावर जाल. तो पागोळ्यांचा भाग संपताच मी मुद्दाम, साडूंवरच्या रागाने, जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अर्ध्या सभागृहाने माझी री ओढली. पण पुढचा भाग सुरू होतो तो नुसत्या एका व्हायोलिनने, खाली खर्जाचा एकच सूर धरलेला, बर्फावरून जपून पावलं टाकत चालल्यासारखा. वादकाने गज खाली घेतलाच नव्हता, तो थेट त्यात शिरला होता. पहिली काही पावलं आमच्या टाळ्यांखाली गेली. त्या एका जागी साडूंचं बरोबर होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा गजाकडे बघा. हात खाली आला, खांदे सैल पडले, तर वाजवा. गज हवेत असेल तर थांबा. संथ भागानंतर शक्यतो थांबाच. रेकॉर्डिंग चालू आहे असं आधी सांगितलं असेल तर शेवटपर्यंत थांबा, तिथे माझं काही ऐकू नका. आधी काय ऐकून जावं असं विचाराल तर काहीच नको, फार तर बाख या बरोकमधल्याच जर्मन संगीतकाराचा दोन व्हायोलिनचा डी मायनर कॉन्चेर्टो, त्यातला मधला भाग. घरी ऐकताना हवी तेवढी वाहवा करा.

कपड्यांचं काय, काहीही घाला, सूट-बीट लागत नाही. पण ए.सी. बेदम असतो, बरोबर वडीलधारं कुणी असेल तर शाल न्या. आम्ही नेली नव्हती. ‘हिवाळा’ सुरू व्हायच्या आधी आत्या कुडकुडायला लागली तेव्हा साडूंनी आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं होतं. ते जर्मनीतलंच.